केंगले, होनाजी भागोजी : उठाव व बंदोबस्त (१८७३–७६)

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर-आंबेगाव टापूत, घोडनदीच्या उगमाकडील डोंगरी मुलखात महादेव कोळ्यांनी सावकारांविरुद्ध केलेला उठाव व तो मोडण्यासाठी इंग्रज सरकारने चालविलेली सशस्त्र मोहीम. उठावाचा नायक जांभोरीचा होनाजी केंगले. सरकारी दप्तरांत त्याची नोंद ‘होन्या’ अशी आढळते.

या मुलखास बंड नवे नव्हते. भाऊ खरे, चिमणाजी जाधव व नाना दरबारे यांच्या पुढारीपणाखाली पेशव्यांच्या नावाने उठलेल्या लोकांनी १८३९ मध्ये घोडेगावच्या महालकरी कचेरीवर रात्रभर हल्ला चढविला होता. बंडखोर राघोजी भांगरे यास ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिल्यास (१८४८) जेमतेम पाव शतक लोटले होते. होनाजीच्या उठावाचे मूळ मात्र कर्जात होते. नाचणी-वरईवर गुजराण करणाऱ्या कुळास सारा रोकडीत भरावा लागे, त्यासाठी सावकाराचे दार गाठावे लागे, आणि न वाचता येणाऱ्या खतावर एकदा अंगठा उठला की दिवाणी कचेरीचा हुकूमनामा व त्यामागोमाग जप्ती यांस कायद्याचेच पाठबळ मिळे. १८७४ मध्ये टोळीने कित्येक सावकारांची नाके कापली. हे कृत्य क्रूर होते यात संशय नाही, परंतु ज्या पिळवणुकीतून ते उपजले तिचा विचार न करता त्यास निव्वळ दरोडेखोरी म्हणणे इतिहासास धरून होणार नाही.

पुणे, नगर, नाशिक व ठाणे या जिल्ह्यांत टोळीचा संचार असल्याने एका जिल्ह्याचे पोलीस अपुरे पडले. तेव्हा कर्नल स्कॉट व मुलकी अधिकारी सिंक्लेअर यांच्या हाताखाली सतरा अंमलदार व सशस्त्र शिपाई नेमून, होनाजीवर १,००० रुपयांचे व साथीदारांवर २०० ते ६०० रुपयांचे इनाम लावण्यात आले. इतके करूनही तो मेजर डॅनियलच्या हाती लागला तो १८७६ मध्ये. या विलंबाचे कारण भीमाशंकर-आहुप्याचे कडे व कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा हे खरेच. पण त्या काळच्या एक हजार रुपयांचा मोह ज्या दरिद्री वाड्यावस्त्यांनी आवरला, त्यांच्या निष्ठेस अधिक श्रेय दिले पाहिजे.

दरम्यान १८७५ मध्ये सुपे येथे सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा दंगा उसळला व तो पुणे-नगर भागांत पसरला. त्याच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांस कर्जापासून संरक्षण देणारा कायदा पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस लागू झाला.