वितळणारे संत: व्येलिच्काची मिठाची खाण

मीठ म्हणताच मराठी वाचकाच्या मनात मिठागरे उभी राहतात: उन्हात आटणारे समुद्राचे पाणी आणि कडेला रचलेले पांढरे ढीग. सैंधव खाणीतून येते हे आपल्याला ठाऊक असले, तरी ती खाण आपण सहसा पाहिलेली नसते. म्हणूनच पोलंडमध्ये क्राकूव्ह शहराजवळ व्येलिच्का येथील खाणीत सुमारे ३८० पायऱ्या उतरून ६४ मीटर खोलीवर गेल्यावर आपण थोडे गोंधळतो. भिंती, छत, पायाखालची फरशी सारे मिठाचेच, पण रंग काळपट करडा, क्वचित हिरवट. खात्री करून घेण्यासाठी प्रवासी भिंतीला जीभ लावतात. आम्हीही लावली.

तेराव्या शतकापासून येथे मीठ खणले गेले. मांस आणि मासे टिकवायला मिठावाचून दुसरा सोपा उपाय नव्हता, त्यामुळे मीठ ही राजसत्तेची मक्तेदारी झाली. काझिमियेझ राजाने १३६८ मध्ये खाणींच्या कारभाराचे नियम घालून दिले. त्याच्या काळी राजकोषाचे सुमारे एक तृतीयांश उत्पन्न मिठातून येई, असे इतिहासकार सांगतात. लोककथा मात्र हिशेबाच्या वाटेला जात नाही. हंगेरीची राजकन्या किंगा क्राकूव्हच्या बोलेस्वाफला दिली गेली, तेव्हा तिने आपली अंगठी माहेरच्या मिठाच्या खाणीत टाकली आणि ती व्येलिच्काला खणलेल्या पहिल्याच ढेपेत सापडली, असे ही कथा सांगते. कथेत मीठ आंदण म्हणून येते. प्रत्यक्षात ते सव्वा कोटी वर्षांहून जुन्या समुद्राचे, आणि ते वर आणणारे हात खाणकामगारांचे. छताशी साचणारा ज्वालाग्राही वायू लांब काठीच्या टोकावरील मशालीने जाळून टाकणे, हे त्यांच्यातल्या काहींचे रोजचे काम होते. घोडेही वर्षानुवर्षे जमिनीखालीच राबत. बाश्का ही त्यांतली शेवटची घोडी २००२ मध्ये वर आली.

पोलंडच्या पहिल्या फाळणीत, १७७२ मध्ये, खाण ऑस्ट्रियाकडे गेली. या अठराव्या शतकातही तिला 'पाहुणे' येत. १७९० मध्ये ग्योटे येऊन गेला. म्हणजे येथील पर्यटन काही आजचे नव्हे.

प्रवाशांची गर्दी लोटते ती १०१ मीटर खोलीवरच्या किंगाच्या प्रार्थनामंदिरात. युझेफ व तोमाश हे मार्कोव्स्की बंधू आणि अंतोनी विरोदेक या खाणकामगारांनीच १८९६ पासून पुढे सहा दशकांहून अधिक काळ ते कोरले. विरोदेकने भिंतीत कोरलेले लिओनार्दोच्या 'अंतिम भोजना'चे शिल्प थक्क करणारे आहे, यात वाद नाही. पण आम्हाला अधिक बोलते वाटले ते वरच्या पातळीवरील, सतराव्या शतकातले संत अंतोनीचे छोटे प्रार्थनामंदिर. तेथील मूर्तींना आता चेहरे उरलेले नाहीत. नाक, डोळे, बोटे झिजून सारे गुळगुळीत झाले आहे. दानिवोविच नावाच्या ज्या विवरातून आज प्रवासी उतरतात, त्यातून येणाऱ्या दमट हवेने संत वितळवले.

ही झीज एका मंदिरापुरती नाही. १९७८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाची पहिली बारा स्थळे निवडली, त्यांत ही खाण होती. १९८९ मध्ये तिला धोक्यातील वारशाच्या यादीत टाकावे लागले. कारण होते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेले कृत्रिम वायुवीजन! माणसाला श्वास घेता यावा म्हणून आत सोडलेली हवाच आर्द्रता आणून कोरीव काम खाऊ लागली. ती कोरडी करणारी यंत्रे बसल्यानंतर १९९८ मध्ये तिचे नाव त्या यादीतून निघाले.

पर्यटकांचा मार्ग साऱ्या खाणीच्या दोन टक्क्यांहूनही कमी. उरलेल्या अंधारात कोणता इतिहास आहे, हे विचारायला हवे. १९४४ मध्ये जर्मनांनी या जमिनीखाली शस्त्रास्त्रांचा कारखाना थाटण्यासाठी छळछावण्यांतून हजारो ज्यू कैदी आणले होते. सोव्हिएत फौजा जवळ आल्याने उत्पादन सुरू झालेच नाही. या कैद्यांसाठी अंगठीची कथा कोणी रचलेली नाही.

१९९२ मध्ये पाण्याचा मोठा लोंढा आत शिरला, आणि १९९६ मध्ये व्यापारी उत्खनन थांबले. पाणी मात्र थांबलेले नाही. झिरपणारे खारे पाणी उपसले जाते, आटवले जाते, आणि व्येलिच्काचे मीठ आजही बाजारात येते ते याच पाण्यातून.