चुनखडकाची आणेवारी

मोगल अमदानीत सुरत बंदराचा महसूल फुरज्यावर, म्हणजे जकातीच्या नाक्यावर, उतरलेल्या मालाच्या झडतीवरून ठरत असे. परंतु विसाव्या शतकात ज्या सागरी खोऱ्याच्या उत्तरेकडील खळग्यास भूवैज्ञानिकांनी सुरतचेच नाव दिले, त्या खोऱ्यातील संपत्तीचा हिशेब न पाहिलेल्या मालावरून मांडणे प्राप्त झाले.

सुरतेच्या उत्तरेस अंकलेश्वर येथे 1960 साली तेल लागले ते वालुकाश्मात. फेब्रुवारी 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या तराफ्याने मुंबईच्या पश्चिमेस सुमारे 160 किलोमीटरांवर, त्या सागरी खोऱ्यातील बॉम्बे हाय येथे, जे तेल शोधले ते मात्र चुनखडकात. आणि येथेच अंदाजकर्त्यांची खरी परीक्षा सुरू झाली. क्षेत्रफळ, थराची जाडी, सच्छिद्रता यांचा गुणाकार करून, त्यातून छिद्रांतील पाण्याचा अंश वजा घालून, आणि वर येताना वायू निसटल्याने तेल आकसते तेही जमेस धरून, भूगर्भातील साठा काढता येतो; पण त्यातील किती हाती लागेल, हे उभे पीक पाहून आणेवारी ठरविण्याइतकेच जोखमीचे असते. वाळूच्या कणांमधील पोकळी बहुधा सारख्या असतात. चुनखडक मात्र पाण्याने विरघळून कोठे पोकळ, कोठे भेगाळ, तर कोठे अभेद्य झालेला असल्यामुळे शेजारच्या दोन विहिरींची साक्षही जुळेलच असे नाही. खडकाच्या विद्युतरोधावरून पाण्याचा अंश काढण्याचे जे समीकरण आर्ची या तेल-अभियंत्याने 1942 मध्ये मांडले, ते मूळचे स्वच्छ वालुकाश्मासाठी होते. चुनखडकात त्याचे गुणांक पुन्हापुन्हा तपासावे लागतात.

बॉम्बे हायमधून 21 मे 1976 पासून तेल निघू लागले, परंतु थराचा दाब राखण्यासाठी पाणी सोडण्याचे काम 1984 मध्ये सुरू झाले. दरम्यान उपसा वाढत गेला, दाब उतरला, आणि अनेक विहिरींतून तेलापेक्षा वायूच अधिक येऊ लागला. देशाचे खनिज तेल उत्पादन 1989-90 मध्ये सुमारे 3 कोटी 40 लाख टन होते, ते 1992-93 पर्यंत सुमारे 2 कोटी 70 लाख टनांवर घसरले. या घसरणीत बॉम्बे हायचा वाटा मोठा होता. 2000 नंतर आडव्या विहिरी खणून आणि जुन्या विहिरींस नव्या फांद्या काढून क्षेत्राचा पुनर्विकास आरंभिला गेला, आणि त्याबरोबर उताऱ्याचे गणितही नव्याने मांडावे लागले.

याच सागरी खोऱ्यातील वसई क्षेत्राचा चुनखडकातील वायू आजही सुरतेजवळ हजिऱ्यास उतरतो आणि तेथे शुद्ध होतो. तेथे मोजला जातो तो हाती आलेला माल. खडकात राहिलेल्याची आणेवारी मात्र दर वर्षीच्या उपशाच्या आणि दाबाच्या नोंदींवरून बदलत राहते. म्हणून अशा खडकाचा पहिला आकडा अखेरचा मानून उपशाची घाई करणे, हा शास्त्राचा नव्हे, कारभाराचा दोष होय.