पोवाडा आणि जलसा : महाड-पोलादपूर परिसर

संगीत व समाजजीवन यांचा परस्परसंबंध दर्शविणारे महाराष्ट्रातील एक ठळक उदाहरण. महाड व पोलादपूर हे रायगड जिल्ह्याचे (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) सावित्री नदीच्या खोऱ्यातील अंतर्भागातील तालुके होत. शिवकालीन पराक्रम आणि १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह या या परिसराशी निगडित असलेल्या दोन घटनांनी मराठी शाहिरी गायनास विषय पुरविले. उलटपक्षी, या घटनांची लोकमानसातील प्रतिमा घडविण्यात गायनाचा वाटा मोठा आहे.

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने वर गेल्यावर प्रतापगड लागतो. त्याच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाचा वध झाला. त्यावरील अज्ञानदासाचा पोवाडा हा उपलब्ध पोवाड्यांतील सर्वांत जुना मानला जातो. पोलादपूरजवळील उमरठ येथे तानाजी मालुसरे यांची समाधी असून, सिंहगडावरील १६७० च्या लढाईवरील तुळशीदासाचा पोवाडा प्रसिद्ध आहे. डफ, तुणतुणे व झांज यांच्या साथीने उच्च स्वरात गाइल्या जाणाऱ्या या रचनांत मुख्य शाहीर कथन करतो, तर साथीदार ‘जी जी’ अशी झील धरतात. श्रोत्यांस कथानक कळणे महत्त्वाचे असल्याने चालीत स्वरविस्तारापेक्षा शब्दांना प्राधान्य असते.

पोवाडा म्हणजे मात्र केवळ घटनेची नोंद नव्हे. कडा चढण्यासाठी घोरपडीचा उपयोग केल्याची कथा तुळशीदासाच्या पोवाड्यामुळे सर्वतोमुखी झाली. सभासद बखरीतील सिंहगडाच्या वृत्तांतात घोरपडीचा उल्लेख नाही. मावळे वानरांप्रमाणे कडा चढले, असे वर्णन आहे. तरीही जनमानसात स्थिरावली ती पोवाड्यातील घोरपडच. पश्चिम आफ्रिकेतील वंशपरंपरागत गायक-कथक ‘ग्रिओ’ यांनी माली साम्राज्याचा संस्थापक सुंजाता याची कथा अशीच पिढ्यान्‌पिढ्या गाऊन जिवंत ठेवली.

शौर्याचे गुणगान करणारा हा प्रकार एकोणिसाव्या शतकात समाजचिकित्सेकडे वळला. जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा रचून त्यांस शेतकरी व शूद्रातिशूद्रांचा राजा म्हणून उभे केले. पुढे सत्यशोधक चळवळीने तमाशाचा साचा स्वीकारून जलसा निर्माण केला.

महाड येथील घटनांनी या प्रवाहास नवी दिशा दिली. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांस खुले केले होते. परंतु प्रत्यक्षात अस्पृश्यांस पाणी घेता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे अनुयायी यांनी तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच दिवशी परिषदेस आलेल्या लोकांवर हल्ले झाले व नंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. २५ डिसेंबर रोजी महाड येथेच मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावरील हक्क १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केला.

या लढ्याचा अर्थ निरक्षर समाजापर्यंत पोहोचविण्याचे कार्य आंबेडकरी जलशांनी केले. नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक हे त्यांचे एक प्रमुख प्रवर्तक होत. गण, गवळण व वग ही तमाशाची मांडणी परिचित होती. तिच्यातील आशय बदलण्यात आला. देवतावंदनेची जागा आंबेडकरांच्या गौरवाने घेतली, तर राजाराणीच्या कथेऐवजी वगात अस्पृश्यता, अंधश्रद्धा, व्यसन व शिक्षण हे विषय आले. तमाशात पिढ्यान्‌पिढ्या इतरांच्या करमणुकीसाठी गाणाऱ्या अस्पृश्य कलावंतांना जलशात स्वतःच्या हक्कांविषयी गाता येऊ लागले. पुढे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) प्रभृतींनी भीमगीतांचा प्रवाह समृद्ध केला. अमेरिकेतही १९५०–६० च्या दशकांत कृष्णवर्णीयांची चर्चमधील गीते शब्द बदलून नागरी हक्कांच्या मोर्च्यांत गाइली गेली. दोन्ही ठिकाणी ओळखीची चाल हेच नव्या विचाराचे वाहन ठरले.

पोवाड्याने या परिसरातील वीरांना महाराष्ट्राच्या स्मृतीत स्थान दिले, तर जलशाने येथील तळ्याचे पाणी समतेचे प्रतीक म्हणून गावोगावी नेले. गीताचा विषय कोणी व्हावे हे समाज ठरवितो. पण एकदा गाइले गेलेले गीत, कोणास विसरता येणार नाही, हे समाजास सांगू लागते. दरवर्षी २० मार्च रोजी महाड येथे जमणाऱ्या समुदायात भीमगीतांचे स्वर ऐकू येतात, ते यामुळेच.