ड्रोन बॅटरी : मोटारगाडीच्या सॉकेटवरून चार्जिंग

ड्रोनला वीज पुरवणाऱ्या लिथियम बॅटऱ्या मोटारगाडीतील बारा व्होल्टच्या सॉकेटला योग्य चार्जर जोडून भरण्याची पद्धत. छायाचित्रणाचा लहान ड्रोन एका बॅटरीवर साधारणपणे 20 ते 30 मिनिटेच उडतो. त्यामुळे पिकांची पाहणी, धरणक्षेत्राचे चित्रण किंवा 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतील गावठाण मोजणी यांसारख्या, वस्तीपासून दूर आणि दिवसभर चालणाऱ्या कामांत गाडी हाच विजेचा सर्वांत जवळचा स्रोत ठरतो. तो सोयीचा असला तरी तुटपुंजा आहे आणि त्याचा दाब, म्हणजे व्होल्टेज, स्थिर नसतो.

हे सॉकेट मुळात सिगारेट पेटवण्याची तार तापवण्यासाठी बसवले जाई. ती तार काही सेकंदांत लाल होऊन लायटर आपोआप बाहेर उसळत असे, म्हणजे सॉकेटवरचा भार क्षणिक होता. बॅटरी भरताना मात्र तोच भार तास-दीड तास अखंड राहतो. सॉकेटची मधली पिन धन आणि बाहेरचे नळकांडे ऋण असते. प्लगची पकड केवळ स्प्रिंगच्या दाबावर अवलंबून असल्याने धूळ, गंज किंवा सैलपणा यांमुळे स्पर्शबिंदूचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, वाढतो. हा रोध 0.1 ओहम इतका अल्प असला तरी 10 अँपिअर प्रवाहाला त्या एका बिंदूवर 10 वॉट उष्णता निर्माण होते आणि प्लगचे प्लास्टिक मऊ पडू लागते. फ्यूज ही उष्णता ओळखू शकत नाही, कारण तो प्रवाह मोजतो, तापमान नव्हे. म्हणून चार्जिंग सुरू झाल्यावर काही मिनिटांनी प्लगला हात लावून पाहणे आवश्यक असते; तो हाताला सोसवत नसेल, तर चार्जिंग थांबवावे.

सॉकेटचा फ्यूज बहुधा 10 किंवा 15 अँपिअरचा असतो, त्यामुळे त्यावरून सुमारे 120 ते 180 वॉट शक्ती घेता येते. नेमकी मर्यादा गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याजागी जास्त अँपिअरचा बसवणे अत्यंत घातक आहे, कारण मग फ्यूजऐवजी डॅशबोर्डमागची वायर वितळते.

‘बारा व्होल्ट’ ही संज्ञाही ढोबळच आहे. इंजिन बंद असताना पूर्ण भरलेल्या शिसे-आम्ल बॅटरीचा दाब सुमारे 12.6 व्होल्ट असतो, इंजिन चालू असताना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरणारे जनित्र, तो 13.8 ते 14.4 व्होल्टपर्यंत नेतो, आणि स्टार्टर फिरताना तो क्षणभर बराच खाली कोसळतो. ट्रक व बस यांमध्ये ही यंत्रणा बहुधा 24 व्होल्टची असते. लिथियम पॉलिमर घटाचा, म्हणजे बॅटरीतील एका सेलचा, सरासरी दाब 3.7 व्होल्ट आणि पूर्ण भरल्यावरचा दाब 4.2 व्होल्ट असतो. काही उच्चदाब प्रकारांत तो 4.35 किंवा 4.4 व्होल्टपर्यंत चालतो. तीन घटांची बॅटरी 11.1 व्होल्टची म्हणून विकली जात असल्याने ती गाडीला थेट जोडता येईल असा समज होणे स्वाभाविक आहे, परंतु 14.4 व्होल्टला प्रत्येक घटावर 4.8 व्होल्ट दाब येतो आणि इतक्या अतिभाराने घट फुगून पेट घेऊ शकतो. यामुळे मध्ये चार्जर असणे अनिवार्य ठरते. चार्जर गाडीचा दाब बॅटरीच्या गरजेप्रमाणे वाढवतो किंवा कमी करतो, आरंभी ठरावीक प्रवाह आणि पुढे ठरावीक दाब राखत बॅटरी भरतो, तसेच सुट्या बॅटरीच्या बारीक तारांच्या स्वतंत्र जोडणीतून सर्व घट समान पातळीवर ठेवतो. तथाकथित ‘इंटेलिजंट’ बॅटऱ्यांत घटांचा समतोल राखणारे मंडल आतच असते. त्यांच्यासाठी निर्मात्याने मान्य केलेला कार चार्जर वापरणे श्रेयस्कर. चार्जर सॉकेटला जोडण्याआधी इंजिन सुरू करावे, म्हणजे स्टार्टरच्या वेळची दाबाची उलथापालथ त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

इन्व्हर्टर लावून घरचा 230 व्होल्टचा चार्जर चालवणे शक्य असले, तरी एकदिश वीज प्रत्यावर्ती करून चार्जरमध्ये पुन्हा एकदिश करण्यात ऊर्जा वाया जाते व उष्णता वाढते. अगदी लहान ड्रोनची सुमारे 17 वॉट-तास क्षमतेची बॅटरी यूएसबीवरूनही भरते. 10 वॉटच्या साध्या यूएसबी जोडणीवर मात्र तिला दोन तासांहून अधिक वेळ लागतो.

इंजिन बंद ठेवून किती बॅटऱ्या भराव्यात, हे साध्या हिशोबाने कळते. 60 वॉट-तासांची एक बॅटरी भरताना, चार्जरमध्ये वाया जाणारी ऊर्जा धरून, गाडीच्या बॅटरीतून सुमारे 75 वॉट-तास, म्हणजे सहा अँपिअर-तासांहून थोडे अधिक, खर्च होतात. लहान गाडीच्या बॅटरीची क्षमता सुमारे 40 अँपिअर-तास असते. अशा तीन बॅटऱ्या भरल्या की तिचा निम्म्याच्या जवळपास साठा संपतो आणि जुनी बॅटरी असेल तर गाडी सुरूच होत नाही. त्यामुळे इंजिन चालू ठेवून एका वेळी एकच बॅटरी भरणे योग्य. मात्र बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि तो जीवघेणा असतो.

लिथियम बॅटरीचा खरा शत्रू उष्णता आहे. चार्जिंगसाठी बहुतेक निर्माते सुमारे 5 ते 40 अंश सेल्सिअस ही तापमानमर्यादा देतात. उड्डाणानंतर बॅटरी गरम असते, म्हणून ती सावलीत थंड होऊ द्यावी. विदर्भातील मे महिन्याच्या उन्हात काचा लावून उभ्या असलेल्या गाडीचा अंतर्भाग ही मर्यादा सहज ओलांडतो, त्यामुळे तेथे चार्जिंग करणे किंवा बॅटऱ्या ठेवून जाणे, दोन्ही वर्ज्य होत. याउलट शून्य अंशाखाली भरताना ऋणाग्रावर धातुरूप लिथियम साचून अंतर्गत लघुमंडल, म्हणजे शॉर्ट सर्किट, होण्याचा धोका असतो; हिमालयात काम करणाऱ्यांनी बॅटरी आधी उबदार करून मगच भरावी.

अंतर्गत बिघाडाने घट तापला की त्या उष्णतेने रासायनिक अभिक्रिया अधिक वेगाने होते, अभिक्रियेने उष्णता आणखी वाढते आणि काही क्षणांत ज्वालाग्राही व विषारी वायू बाहेर पडतात. बंद गाडीत हा धूर आगीइतकाच घातक असतो. म्हणूनच भरत असलेली बॅटरी आसनाच्या गादीवर किंवा कपड्यांखाली न ठेवता कठीण, न जळणाऱ्या पृष्ठभागावर ठेवावी आणि तिच्यावर कोणाचे तरी लक्ष असावे. एकट्या चालकाने गाडी हाकताना चार्जिंग करू नये, कारण रस्ता आणि बॅटरी यांवर एकाच वेळी नजर ठेवता येत नाही. अग्निरोधक पिशवी ज्वाळा काही काळ रोखते, धूर रोखत नाही. फुगलेली, ठेचलेली किंवा पाण्यात पडलेली बॅटरी मुळीच भरू नये. धूर दिसताच गाडी थांबवून सर्वांनी बाहेर पडून दूर जावे व अग्निशमन दलाला कळवावे. अशी आग थंड करण्यासाठी भरपूर पाणी लागते आणि विझल्यासारखी वाटली तरी ती पुन्हा भडकू शकते.

फवारणीच्या शेती ड्रोनना ही पद्धत लागू पडत नाही. सहा घटांची, 16 अँपिअर-तास क्षमतेची त्यांची एक बॅटरी सुमारे 355 वॉट-तासांची असते आणि ती तासाभरात भरण्यासाठी सुमारे 400 वॉट शक्ती लागते, जी सॉकेटच्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक आहे. त्यामुळे अशा बॅटऱ्या शेताच्या बांधावर पेट्रोलवर चालणाऱ्या जनरेटरवर भरल्या जातात.