इजिप्तच्या राजघराण्यातील दोन लेकी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी मी एखादा पदार्थ लिहून देते. गेल्या वर्षी नाचणीच्या आंबिलीवर लिहिले होते. यंदा मंडळाला पंचवीस वर्षे पुरी झाली म्हणून चिटणीसबाईंनी बजावले, की पाककृती पुरे झाल्या, आता काही ज्ञानाचे लिहा. मी सातवी शिकलेली बाई, ज्ञानाचे कोठून आणणार? पण गेली कित्येक वर्षे एका विषयाने मला नाद लावला आहे, त्याविषयीच लिहिते. इजिप्त देशाच्या जुन्या राजाराण्यांच्या प्रेतांची आजचे शास्त्रज्ञ कशी तपासणी करतात, हा तो विषय. प्रेत हा शब्द वाचून भगिनींनी पान उलटू नये. शुभ अंकात अमंगळ कशाला, असे आमच्या सासूबाईही म्हणाल्या होत्या. पण लेख वाचून दाखवला तेव्हा मध्येच उठून गेल्या नाहीत.

हा नाद लागला मुंबईत. २०१२ सालच्या अखेरीस तेथील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लंडनच्या ब्रिटिश म्युझियमचे ममींचे प्रदर्शन आले होते. मुलगा तेव्हा चौथीत होता, त्याच्या हट्टाने गेलो. त्यात नेस्पेरेन्नुब नावाच्या एका पुजाऱ्याची हकीकत होती. हा पुजारी सुमारे २८०० वर्षांपूर्वीचा. त्याच्या अंगावरचे कापड न सोडता, यंत्राने त्याच्या आत पाहिले, तर डोक्याच्या मागे मातीचे एक ओबडधोबड भांडे चिकटलेले! ओघळणारी राळ धरायला कारागिरांनी ते बहुधा खाली ठेवले असावे आणि राळ वाळल्यावर ते निघेना, तेव्हा तसेच कापड गुंडाळून मोकळे झाले. आपल्याकडे पाहुणे दारात आल्यावर फुटकी बशी पदराआड लपवावी, त्यातलाच प्रकार. अठ्ठावीसशे वर्षांनी चोरी उघडकीस आली, याची मला इतकी मौज वाटली, की त्या दिवसापासून या विषयावर जे मराठीत मिळेल ते वाचीत गेले. इंग्रजीतले धाकटी वाचते आणि मला अर्थ सांगते.

आता ही प्रेते इतकी वर्षे टिकली कशी, ते आधी सांगावयास हवे. त्या लोकांचा विश्वास असा, की मेल्यावर जीवाला पुन्हा हे शरीर लागते. म्हणून ते नासू द्यायचे नाही. आतडी, फुप्फुसे वगैरे काढून निराळी ठेवीत, मेंदू नाकावाटे आकड्याने काढीत, हृदय मात्र जागच्या जागी. मग सारे शरीर नेट्रॉन नावाच्या खारात पुरून ठेवीत. हा नेट्रॉन म्हणजे आपल्या पापडखाराच्या जातीचाच क्षार. तो पाणी शोषून घेतो, आणि पाणी गेले की नासणे थांबते. उन्हाळी वाळवणे करणाऱ्या बायकांना हे निराळे समजावून सांगायला नको. सारा विधी ७० दिवस चाले. शेवटी राळ लावून लिननच्या पट्ट्यांचे थरावर थर गुंडाळीत.

राजांच्या अंगावर सोने असे, त्यामुळे चोर सुटले. पुढच्या काळातील पुरोहितांनी मग कित्येक राजाराण्यांना त्यांच्या थडग्यांतून काढून एकत्र लपवून ठेवले. असा एक साठा १८८१ साली उजेडात आला, दुसरा १८९८ साली. पण या हलवाहलवीत पेट्या बदलल्या, नावे पुसली. कोण राजा, कोणाची आई, कोणाची सून, काहीच कळेना. शास्त्राचे निम्मे काम या हरवलेल्या नात्यांचा शोध घेण्याचे आहे.

पूर्वी तपासणी म्हणजे कापड फाडून पाहणे. आता सी. टी. स्कॅन आहे. सासूबाईंच्या डोक्याचे स्कॅन काढले तेव्हा मी काचेपलीकडे उभी होते, म्हणून मला ते थोडेफार कळते. अळूवडीचा उंडा वाफवून झाला की आपण त्याच्या चकत्या कापतो. प्रत्येक चकतीत पानाचे वेढे नि मधले पीठ स्वच्छ दिसते. हे यंत्रही क्ष-किरणांनी अशाच शेकडो चकत्या पाडते, फक्त उंडा अखंड राहतो. मग त्या चकत्या संगणकावर पुन्हा जुळवल्या की बाहेरचे वेढेही दिसतात नि आतले हाडही. कैरो विद्यापीठातील सहर सलीम या विदुषींनी या कामात मोठे नाव मिळवले आहे. २०२१ साली त्यांनी पहिल्या आमेनहोतेप राजाची चित्रे प्रसिद्ध केली. फुलांच्या माळांनी मढवलेली ती ममी आधुनिक काळात कोणीही सोडली नव्हती, आणि त्यांनीही सोडली नाही. तरी राजा सुमारे ३५ वर्षांचा होता, दात चांगले होते, आणि अंगावर ३० ताईत आहेत, इतके सारे सांगितले.

तिसऱ्या रामसेस राजाची गोष्ट तर कादंबरीसारखी. तो इ. स. पूर्व ११५५ च्या सुमारास वारला. त्याच्या एका राणीने, तिये तिचे नाव, आपला मुलगा पेंतावेरे गादीवर बसावा म्हणून अंतःपुरात कट केला, हे इटलीतील तुरीन येथे असलेल्या जुन्या कागदावरून ठाऊक होते. कटवाल्यांना शिक्षा झाल्याचे त्यात आहे. पण राजा त्या कटात मेला की वाचला, हे काही धड कळत नव्हते. मानेभोवती तर जाड कापड. २०१२ साली त्याच्या स्कॅनचा अहवाल आला: कापडाखाली गळा चिरलेला, वार पार मणक्यापर्यंत! कारागिरांनी त्या जखमेत होरस देवाच्या डोळ्याचा ताईत ठेवला होता, पुढच्या जन्मी तरी ती भरून यावी म्हणून. त्याच साठ्यात बकऱ्याच्या अशुद्ध मानलेल्या कातड्यात गुंडाळलेला एक तरुण सापडला होता. त्याचा पितृवंश राजाशी जुळला. तो बहुधा पेंतावेरेच. तेहतीसशे नव्हे तरी एकतीसशे वर्षे ती सवतीमत्सराची जखम कापडाखाली झाकून होती.

दुसऱ्या रामसेसबद्दल एकच सांगते. १९७६ साली त्याच्या ममीला बुरशी लागली म्हणून औषधोपचारासाठी पॅरिसला नेली. नव्वदीचा म्हातारा, सांधे आखडलेले, दातांना गळू. आणि नाकात काय निघावे? काळी मिरी. मिरी त्या काळी आपल्या दक्षिणेकडच्या मलबारातच होत असे. तेवढी आपली ओळख त्याच्याशी.

आता ज्याच्यासाठी मी लिहावयास बसले त्याकडे येते. तुतानखामुन हे नाव बहुतेकींनी ऐकले असेल. हॉवर्ड कार्टर या इंग्रजाला १९२२ च्या नोव्हेंबरात त्याचे थडगे सापडले, सोन्यानाण्यासकट. हा राजा एकोणीस वर्षांच्या आसपास, इ. स. पूर्व १३२३ च्या सुमारास वारला. १९२५ साली डॉक्टर डेरी यांनी त्याचे शरीर पाहिले. राळेने ते पेटीला असे घट्ट चिकटले होते, की सुटेना. शेवटी डोके, हातपाय निरनिराळे करून काढले. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. शास्त्रासाठी झाले तरी असे करावे काय? पुढे १९६८ साली हॅरिसन यांनी क्ष-किरण चित्रे घेतली. कवटीत हाडाचा तुकडा दिसला, तशी लोकांनी डोक्यात घाव घालून खून केल्याची कथा रचली. कोणी प्रधानावर आळ घेतला, कोणी सेनापतीवर. २००५ साली स्कॅन झाले तेव्हा कळले, की ते तुकडे मेल्यानंतर सुटलेले आहेत. घाव वगैरे काही नाही. छत्तीस सदतीस वर्षे दोन बिचारे उगाच खुनी ठरले होते. डाव्या मांडीचे हाड मात्र गुडघ्याजवळ मोडलेले आहे, आणि ते मरणाच्या थोडे आधी मोडले असावे, असे तपासणाऱ्यांपैकी काहींचे मत पडले.

त्यानंतर २०१० साली डी. एन. ए.चा अहवाल आला. प्रत्येक माणसाच्या शरीरात, आईकडून निम्मा नि बापाकडून निम्मा, असा वंशाचा लेख असतो. बारशाला आलेल्या बायका बाळाकडे पाहून नाक आजोबांचे, कपाळ आत्याचे असे म्हणतात ना, तेच काम शास्त्रज्ञांनी हाडाच्या कणांवरून केले. निघाले असे, की तुतानखामुनचे आईबाप सख्खे भाऊबहीण होते. बाप बहुधा अखेनातेन राजा. आईची ममी सापडली आहे, नाव मात्र अजून ठाऊक नाही. राजघराण्याचे रक्त बाहेर जाऊ नये म्हणून त्यांच्यात अशी लग्ने होत. पोराच्या अंगात घातक हिवतापाचे अंशही सापडले. डावे पाऊल अधू असल्याचे अहवालात म्हटले आहे. त्याविषयी डॉक्टरांत वाद आहे, पण थडग्यात सुमारे १३० काठ्या ठेवलेल्या होत्या, आणि काही वापरून झिजलेल्या. सोन्याचा मुखवटा सारे जग पाहते. मला त्या झिजलेल्या काठ्या अधिक आठवतात.

त्याच थडग्यात एकात एक बसणाऱ्या इवल्याशा शवपेट्या होत्या. सर्वांत आतल्या पेटीवर तिये राणीचे नाव, आणि आत केसांची एक बट. ही तिये निराळी, कटवालीच्या दीडदोनशे वर्षे आधीची. १८९८ च्या साठ्यात मोकळ्या लांब केसांची एक अनामिक वृद्धा सापडली होती. तीच ही तिये, तुतानखामुनची आजी, असे आधी केसांवरून व मग २०१० साली डी. एन. ए.वरून ठरले. म्हणजे एवढ्या मोठ्या राजाने, की त्याच्या माणसांनी, आजीची बट जपून बरोबर दिली होती. तिचे नाव तिला परत मिळाले ते नातवामुळे.

आणि त्या खजिन्याच्या खोलीत एक साधी लाकडी पेटी होती. तिच्यात दोन छोट्या शवपेट्या, उलट सुलट ठेवलेल्या. त्यांतली मोठी मावेना म्हणून तिच्या पायाची बोटे कोणीतरी तासून टाकली होती. आत दोन मुली. दोघी दिवस भरण्याआधीच गेलेल्या. पेट्यांवर देवाचे नाव आहे, ओसिरिस, मुलींचे नाही. त्या जन्मल्याच नव्हत्या, तेव्हा नाव कोठून असणार? तरी त्यांच्यावर संस्कार केलेले. मोठीच्या पोटाला तर मोठ्या माणसाप्रमाणे चीरही दिलेली. २०१० च्या तपासणीत त्या बहुधा तुतानखामुनच्याच लेकी ठरल्या. त्याची राणी आंखेसेनामुन. सिंहासनाच्या पाठीवर ती नवऱ्याच्या खांद्याला सुगंधी तेल लावताना कोरलेली आहे. मुलींची आई म्हणून एका नाव नसलेल्या ममीकडे शास्त्रज्ञांनी बोट दाखवले, परंतु नमुना पुरेसा मिळाला नाही.

मोठ्या मुलीचे क्ष-किरण चित्र १९७० नंतरच्या दशकात घेतले होते. तिच्या कण्यात व खांद्यात जन्मजात व्यंग होते, असे तेव्हा छापून आले, आणि लोकांनी तेच धरून ठेवले. भावाबहिणीच्या लग्नाचे फळ, असेही पुष्कळांनी लिहिले. २०११ साली हवास व सहर सलीम यांनी दोघींच्या स्कॅनचा अभ्यास प्रसिद्ध केला. धाकटी सुमारे २५ आठवड्यांची, मोठी ३७ आठवड्यांची, म्हणजे जवळजवळ दिवस भरलेली. व्यंग कोणातच नाही. हाडे वाकडी दिसतात ती मसाला भरताना आणि नंतरच्या हाताळणीत सरकल्यामुळे. त्या का गेल्या, हे स्कॅनने सांगितले नाही. व्यंगाचा आळ मात्र गेला.

भगिनींनो, हे लिहावे की न लिहावे, याचा मी चार दिवस विचार केला. वीस वर्षांपूर्वी माझे सातव्या महिन्यात गेले. मुलगी होती. मला दाखवली नाही. ह्यांनी नि माझ्या दिरांनी नेऊन पुरली. पुढे वर्षभर नात्यातल्या बायका म्हणत होत्या, की ग्रहणात हिने विळी हातात धरली होती. धरली होती खरी, दोन कांदे चिरले होते. मीसुद्धा पुष्कळ वर्षे तेच खरे मानीत होते. धाकटीच्या वेळी तर ग्रहण नसतानाही विळीला हात लावला नाही. म्हणून तो २०११ चा अभ्यास धाकटीने वाचून दाखवला तेव्हा मी तिला दोनदा वाचावयास लावले, आणि ती का म्हणून विचारू लागली तेव्हा उठून चहा ठेवला.

कार्टरने थडग्यातील प्रत्येक वस्तूला आकडा दिला होता. मुलींच्या पेटीचा आकडा ३१७. शास्त्राच्या पुस्तकांत त्या ३१७ अ आणि ३१७ ब या नावाने ओळखल्या जातात.

लेख सासूबाईंना वाचून दाखवला, हे वर आलेच. ग्रहणाची गोष्ट नात्यात प्रथम त्यांनीच काढली होती. त्या जागी मी थोडी घाईने वाचले. त्या काही बोलल्या नाहीत. वाती वळीत बसल्या होत्या, त्या वळीत राहिल्या. मग बऱ्याच वेळाने विचारले, "त्या राणीला पुढे झाले का गं मूल?"

मी म्हटले, "कोठे नोंद नाही. नवरा गेल्यावर तिचेही नाव फारसे कोठे येत नाही."

"किती वर्षांची असेल?"

"विशीचीच."

त्यांनी वाती डब्यात भरल्या आणि डबा देवघरात नेऊन ठेवला.