परतीचे दोर कोणी कापायचे?

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं, त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोलताना जे 'अं… म्हणजे' आलं होतं, ते काढून टाकलंय.

पुण्यात सदाशिव पेठेत, शास्त्री रोडला एक चक्कर मारा. अभ्यासिका, मेस आणि स्पर्धा परीक्षांच्या क्लासचे फ्लेक्स. तिथल्या मुलांच्या मोबाईलवर एक वाक्य हमखास येतं: "प्लॅन बी ठेवू नका, परतीचे दोर कापून टाका!" स्टार्टअपवाल्यांच्या रीलमध्ये हेच इंग्रजीत असतं, 'बर्न युवर बोट्स'. म्हटलं, हे दोर आणि या बोटी आल्या कुठून ते बघूया.

आपले दोर सिंहगडाचे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी मोगलांना २३ किल्ले दिले, त्यात कोंढाणा होता. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे तो परत घ्यायला कडा चढून गेले. लढाईत तानाजी आणि किल्लेदार उदेभान दोघंही पडले. पुढची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली आहे. नेता पडला म्हणून मावळे दोरांकडे पळाले, तेव्हा भाऊ सूर्याजी आडवा आला. दोर मी कापलेत, आता कड्यावरून उड्या टाका नाहीतर लढा. काही जण हे काम शेलारमामांना देतात.

सभासद बखर या घटनेनंतर साधारण पंचवीस-एक वर्षांनी लिहिलेली. ती हा सगळा प्रसंग थोडक्यात उरकते. सूर्याजीने हिंमत धरून लोक सावरले, गड घेतला आणि वर आग पेटवून राजगडाला इशारा दिला. दोर मात्र आपल्या डोळ्यांसमोर उभे केले ते पोवाड्यांनी, लोककथांनी आणि पाठ्यपुस्तकांनी. आणि जाता जाता, सिंह गेला म्हणून 'सिंहगड' हे काही खरं नाही. १६६३ च्या एका पत्रात तेच नाव आधीच आहे!

आता बोटी. १५१९ मध्ये एर्नान कोर्तेस आजच्या मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला. त्याच्या काही लोकांना क्युबाला परत जायचं होतं, म्हणून त्याने जहाजं निकामी केली. जाळली नाहीत हां! किनाऱ्याला लावून मोडली, आणि शिडं, दोरखंड, लोखंडी सामान आधी काढून ठेवलं. दोन वर्षांनी तेनोच्तित्लानच्या तळ्यात त्याने १३ छोटी जहाजं उतरवली, त्यांत हेच सामान वापरलं. इंजिनिअर म्हणून मला हे फार आवडलं. जगभर 'सगळं जाळून टाका'चा हिरो झालेल्या माणसाने सुटे भाग जपून ठेवले होते.

जहाजं जाळल्याची गोष्ट तारिक इब्न झियादबद्दलही सांगतात. ७११ साली तो स्पेनमध्ये उतरला, जिब्राल्टर हे नाव त्याच्यावरूनच पडलं, जबल तारिक. पण जाळपोळीचा उल्लेख कित्येक शतकांनंतरच्या लेखनात येतो.

चिनी म्हण मात्र यांच्यापेक्षा पुष्कळ जुनी. इ.स.पू. २०७ मध्ये शिआंग यू या सेनापतीने नदी ओलांडल्यावर नावा बुडवल्या आणि स्वयंपाकाची भांडीसुद्धा फोडली. सैनिकांकडे फक्त तीन दिवसांची शिदोरी. चार अक्षरांची ती म्हण, 'हंडे फोडा, नावा बुडवा', चीनमध्ये आजही चालते. नुसत्या नावा बुडवल्या असत्या तर माणूस निदान जेवून विचार करत बसला असता. हंडाच फोडल्यावर विचाराला वेळ कुठला?

समुद्र असलेल्यांनी बोटी घेतल्या, नदी असलेल्यांनी नावा आणि सह्याद्रीत राहणाऱ्यांनी दोर. इथपर्यंत सरळ आहे. मला खटकलं ते वेगळंच. कोर्तेस आणि शिआंग यू दोघंही सेनापती. इतरांचा परतीचा रस्ता त्यांनी वरून हुकूम देऊन बंद केला. आपल्या गोष्टीतला सूर्याजी मात्र त्याच कड्यावर उभा आहे. त्याचा सख्खा भाऊ नुकताच गेलाय आणि तो दोर त्याचाही आहे. शिवाय दोर आधीपासून कापून ठेवलेले नव्हते. चढताना ते होतेच की! दोरांशिवाय वर पोचणार कोण होतं?

हा तपशील रीलमध्ये नसतो. तिथे सल्ला देणारा खाली पायथ्याशी उभा असतो, त्याची फी जमा झालेली असते, आणि दोर कापायचा तो गावाकडून महिन्याला पैसे मागवणाऱ्या पोराने. आम्ही आयटीवाले तर शुक्रवारी संध्याकाळी साधा बदल लाईव्ह करतानाही जुनं व्हर्जन परत आणायची सोय ठेवतो. ती नसेल तर मॅनेजर बटण दाबू देत नाही. त्याला कोणी भित्रा म्हणत नाही.

इंग्रजीचीही गंमत बघा. बोटी जाळल्या की शूर, आणि पूल जाळले की मूर्ख! नोकरी सोडताना एचआर हसत हसत सांगतात, 'डोन्ट बर्न ब्रिजेस'. मराठीत दोन्ही कामांना एकच दोर. पक्ष सोडणाऱ्या पुढाऱ्याने 'परतीचे दोर कापले' अशी बातमी येते, आणि पुढच्या निवडणुकीला गडी परत जुन्या पक्षात. तो दोर कसला होता देव जाणे.

पुढच्या भागात 'विडा उचलणे', म्हणजे विजापूरचा दरबार आणि अफजलखान. तोवर सिंहगडावर गेलात तर पिठलं-भाकरीच्या आधी तानाजी कड्याकडे जाऊन खाली एकदा बघा.