कागदावर संपलेला कुत्रा

१९४८ साली स्वीडिश केनेल क्लबने नॉरबॉटनस्पेट्स ही जात नामशेष ठरवून तिची नोंदवही बंद केली. उभ्या कानांचा, शेपटी पाठीवर वळलेला हा चणीने लहान कुत्रा. उत्तरेच्या दाट अरण्यात पक्षी झाडावर बसला की हा बुंध्याशी उभा राहून भुंकत राहतो. पक्ष्याचे लक्ष त्याच्यावर खिळते आणि शिकारी आवाजाच्या रोखाने पोहोचतो.

जात मात्र संपलेली नव्हती. दूरच्या वाड्यांवर शेतकऱ्यांनी ती सांभाळली होती, फक्त त्यांना नोंदवहीची गरज वाटली नव्हती. १९६७ मध्ये क्लबने वही पुन्हा उघडली.

आपल्याकडे गोष्ट उलटी घडली. दख्खनच्या उघड्या माळावर भुंकून उपयोग नाही. तिथे लांबवरचा ससा दिसला पाहिजे आणि धावून गाठला पाहिजे. म्हणून लांब पायांचा, सडसडीत कारवानी. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी याच कुत्र्यांची जोडी सम्राट पंचम जॉर्जला भेट दिली, असे सांगतात. पुढे 'मुधोळ हाउंड' हे नाव रूढ झाले. २००५ च्या टपाल तिकिटावरही तेच छापले गेले. आज देशातील एक केनेल संघटना त्याला 'कॅरव्हान हाउंड' म्हणून नोंदवते, तर दुसरी 'मुधोळ'. दोन नावे, दोन वह्या, कुत्रा एकच! ज्या गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तो पोसला, ते मात्र दोन्ही नावांत कुठेच नाहीत.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, आणि ते आवश्यकच होते. पण त्यामुळे कारवान्याचे मूळ काम गेले. आता तो राखणीला असतो किंवा शहरातल्या सदनिकेत. त्याची कातडी पातळ, अंगावर चरबी नाममात्र. कडक फरशीवर झोपून कोपरांना घट्टे पडतात. त्याला रोज मोकळे धावायला हवे. साखळीला बांधलेला कारवानी पाहिला की मला राग येतो.

स्पिट्झचे दुखणे याच्या नेमके उलट. त्याचा दुहेरी, दाट कोट हिमासाठी घडलेला. आमच्या भंडाऱ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तरी उत्तरेकडची केसाळ पिल्ले हौसेने आणली जातात. उकडते म्हणून कोणी त्यांचे केस मुळापासून भादरतात. तसे करू नये: तो कोट उन्हापासूनही कातडी वाचवतो. नियमित विंचरून गळके केस काढावेत, दुपारी सावली व पाणी द्यावे, आणि फिरवणे पहाटेच उरकावे.